जुनी जिप्सी की नवी जिम्नी? स्पीती, झांस्कर आणि हानलेच्या प्रवासासाठी गाडी निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका कुटुंबाचे आहे. त्यांच्या इच्छेनुसार नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनाक्रम त्यांच्या टिपणवहीवरून आणि तयारीच्या काळात त्यांच्याशी झालेल्या माझ्या चर्चांवरून लिहिला आहे.

बाई महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हिमालयाच्या उंच, कोरड्या भागातील फुलझाडांची छायाचित्रांसह नोंद करावी, हा त्यांचा अनेक वर्षांचा संकल्प होता. ही झाडे जुलै-ऑगस्टमध्ये फुलतात, म्हणून प्रवासही त्याच काळात होणे भाग होते. आखलेला मार्ग असा होता: किन्नौरमार्गे स्पीती, कुंझुम खिंड ओलांडून बाताल आणि ग्राम्फू, तेथून केलाँग, दारचा, शिंकू ला खिंडीतून झांस्करमधील पदुम, पुढे कारगिल आणि लेह, आणि शेवटी हानले. सोबत त्यांचे पती आणि नुकताच वाहन परवाना मिळालेला, एकोणीस वर्षांचा भाचा असणार होता. वर्ष होते २०२४.

घरी २००७ सालची मारुती जिप्सी होती. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर तिने वर्षानुवर्षे चोख काम केले होते. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी रीतसर नूतनीकृत केलेली होती आणि तिचा प्रत्येक आवाज पतींच्या ओळखीचा होता. दुसरीकडे, २०२३ च्या जूनमध्ये भारतात आलेली मारुतीचीच पाच दारांची जिम्नी त्यांनी पाहिली होती. नवी गाडी घेण्याइतकी रक्कम हाताशी होती. मात्र ती घेतल्यास घरदुरुस्तीचे काम पुढे ढकलावे लागणार होते.

अडचण

पतींचे मत ठाम होते: दुर्गम भागात साधी गाडीच न्यावी, कारण ती कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकतो, नव्या गाडीत एखादा सेन्सर बिघडला तर मनुष्य डोंगरात अडकून पडतो. भाच्याचे मत नेमके उलट होते: सतरा वर्षांच्या गाडीचा कोणता भाग केव्हा साथ सोडेल याचा भरवसा नाही. बाईंना दोन्ही म्हणणी पटत होती आणि त्यामुळेच निर्णय होत नव्हता.

दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या असल्यामुळे ही तुलना विशेष उपयोगी ठरते. दोहोंना शिडीसारखी चासी आहे, पुढे आणि मागे अखंड धुरा आहे, लिव्हरने लावायचे चारचाकी बळ आणि त्याचे लो गियर आहेत, इंधनाची टाकी चाळीस लिटरची आहे आणि जमिनीपासूनची उंची दोनशे दहा मिलिमीटर आहे. दोन्हींची इंजिने पेट्रोलची आहेत. खडकाळ वाटेवर उभी केली तर कागदावर दोघींत फार अंतर उरत नाही. खरा फरक जिप्सीच्या पाट्यांऐवजी (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांऐवजी) जिम्नीत आलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगांत, ब्रेकमध्ये, आसनांत आणि विद्युत यंत्रणेत आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जिप्सीची संपूर्ण दुरुस्ती करून ती पुण्यापासून चालवत नेण्याचा होता. त्यात सुरुवातीलाच एक कायदेशीर अडसर आला. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांपेक्षा जुनी पेट्रोल वाहने चालवण्यास राष्ट्रीय हरित अधिकरणाने घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली होती, आणि हे क्षेत्र दिल्लीपुरते मर्यादित नसून गुरुग्राम, पानिपत, कर्नाल यांसारखे हरियाणातील जिल्हे आणि राजस्थानातील अलवर व भरतपूरही त्यात येतात. म्हणजे जयपूरहून अंबाल्याकडे जाणारा नेहमीचा महामार्ग बंद झाला. बिकानेर आणि भटिंड्याकडून वळसा घ्यावा लागणार होता आणि त्यात एक दिवस वाढत होता.

दुसरा पर्याय जिप्सी मालमोटारीवर चढवून चंदीगडपर्यंत पाठवण्याचा आणि स्वतः रेल्वेने जाण्याचा होता. त्यात सुमारे दोन हजार किलोमीटरच्या महामार्गाचे कष्ट वाचत होते. परतीच्या वेळी गाडी पाठवण्याची तारीख आधी ठरवावी लागते, आणि फुलांच्या मागे फिरणाऱ्या प्रवासात ते जमण्यासारखे नाही, या कारणासाठी त्यांनी तो नाकारला. माझ्या मते हा पर्याय फार लवकर बाजूला पडला.

तिसरा पर्याय जिम्नी विकत घेण्याचा, आणि चौथा मनाली व लेह येथून चालकासह स्थानिक गाडी ठरवण्याचा होता. चौथा पर्याय खर्चाने सर्वांत हलका आणि बहुतेक प्रवाशांसाठी योग्य आहे. परंतु दर अर्ध्या किलोमीटरवर थांबून झाडाशेजारी तासभर बसणाऱ्या अभ्यासकाबरोबर कोणत्याही चालकाचा निभाव लागणे अवघड, हे बाईंनी स्वतःच मान्य केले.

बिघाडांची यादी

पर्यायांचा वाद मिटेना, तेव्हा त्यांनी आपल्या नेहमीच्या मिस्त्रींना घरी बोलावले आणि प्रवासात गाडी कशाकशामुळे थांबू शकते याची यादी केली. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयुक्त काम मला हेच वाटते.

या यादीने पहिला गैरसमज दूर केला. जिप्सी म्हणजे कार्ब्युरेटरची, पान्याने सुटणारी गाडी, अशी पतींच्या मनातली प्रतिमा होती. प्रत्यक्षात २००० सालापासून जिप्सीला बहुबिंदू इंधन-फवारणी आली, आणि त्यांच्या २००७ च्या गाडीत संगणकीय नियंत्रक होता, सेन्सर होते आणि टाकीत विजेवर चालणारा पंपही होता. वायरींचा गुंता सतरा वर्षे उन्हापावसात राहिलेला होता. म्हणजे ज्या बिघाडाची भीती नव्या गाडीबाबत होती, तो जुन्या गाडीतही संभवत होता आणि तिथे तारा, जोडण्या आणि रबर आणखी जुने होते.

जिप्सीच्या बाजूनेही यादीत भक्कम मुद्दे होते. भारतीय लष्कराने ही गाडी दीर्घकाळ वापरल्यामुळे लडाख आणि हिमाचलमधील मिस्त्रींना ती परिचित आहे. पाट्याचे एखादे पान तुटले तर लोखंडी पट्टीने बांधून पुढच्या गावापर्यंत जाता येते. ब्रेक, क्लच, पाण्याचे पाइप यांची कामे रस्त्याच्या कडेला होऊ शकतात. उलट जिम्नीच्या बाबतीत डोंगरातल्या छोट्या गॅरेजांना अनुभव कमी होता.

उंचीचा मुद्दा दोघींना सारखाच लागू होता. पाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. जिप्सीची ऐंशी अश्वशक्ती शिंकू लावर पंचेचाळिशीच्या घरात येणार, जिम्नीची एकशे पाच सत्तावन्नच्या जवळपास. लो गियर असल्याने दोन्ही गाड्या चढल्या असत्या. जिप्सीचे इंजिन तापण्याची शक्यता मात्र अधिक होती.

वजनकाटा आणि वरंधा घाट

फेब्रुवारीत त्यांनी जिप्सीच्या दुरुस्तीचे काम दिले. क्लच, रेडिएटर, पाट्यांचे बुश, ब्रेकचे सिलिंडर आणि सर्व रबरी पाइप नवे बसले. मार्चमध्ये तिघे, संपूर्ण सामान आणि भरलेली टाकी घेऊन गाडी प्रथम वजनकाट्यावर आणि तेथून भोरमार्गे वरंधा घाटात नेली.

वजनकाट्याचा निकाल जिप्सीच्या बाजूने लागला. माणसे आणि सामान मिळून भार चारशे किलोच्या पुढे गेला होता. लष्करात पाचशे किलो भाराच्या वर्गात मोडणाऱ्या जिप्सीला तो झेपणारा होता. जिम्नीचे रिकामे वजन सुमारे बाराशे किलो आणि भारासह कमाल मर्यादा १,५४५ किलो, म्हणजे माणसे धरून जेमतेम साडेतीनशे किलोची सोय. गाडी नवी आणि महाग असली की ती अधिक भार नेईल असे आपण गृहीत धरतो. सुरक्षेची साधने, जाड पत्रा आणि दोन जादा दारे यांचे वजन गाडीने आधीच उचललेले असते, हे लक्षात येत नाही.

घाटाने मात्र निकाल फिरवला. पूर्ण भारासह उतरताना, खालच्या गियरमध्ये असूनही, ब्रेकचे पेडल हळूहळू खोल जाऊ लागले आणि मागच्या ड्रमांतून जळका वास येऊ लागला. या गाडीला चाके जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा नाही आणि हवेच्या पिशव्याही नाहीत. भाचा मागच्या आडव्या बाकावर, बाजूला तोंड करून, पट्ट्याविना बसला होता. ते परत आल्यावर मिस्त्री एवढेच म्हणाले, “बाई, गाडी चढेल हो, त्याची काळजी नाही. भरलेली उतरताना थांबेल का, ते बघा.”

दुसरी गोष्ट त्याच दिवशी कळली, आणि माझ्या मते निर्णय खरा तिथेच झाला. परतीच्या वाटेवर बाईंनी गाडी चालवायला घेतली. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, भाराने जड झालेल्या जिप्सीची वळणे घेताना अर्ध्या तासात त्यांचा खांदा भरून आला. म्हणजे जिप्सी नेली तर पूर्ण प्रवासभर चालक एकच राहणार होता. भाच्याला उंच खिंडीत गाडी द्यायची नाही, हे आधीच ठरलेले होते.

आपण बिघाडाचा विचार करतो तो यंत्राच्या बिघाडाचा. साडेतीन हजार मीटरच्या वर डोके दुखणे, उलट्या, झोप न लागणे, पोट बिघडणे हे इतके नेहमीचे आहे की त्या प्रदेशात गाडीआधी चालक बंद पडण्याचीच शक्यता अधिक. इंजिनाचा सुटा भाग बरोबर नेता येतो, पण चालक आजारी पडला तर त्याच्या जागी बसणारा दुसरा मनुष्य गाडीतच असावा लागतो. ज्या गाडीत असा दुसरा मनुष्य मिळतो, तिचे पारडे इतर अनेक उणिवा असूनही जड व्हायला हवे.

निर्णय आणि तयारी

एप्रिलच्या सुरुवातीला जिम्नी नोंदवली. दुरुस्तीवर झालेला खर्च वाया जातो, ही पतींची खंत स्वाभाविक होती. पण झालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, यावर बाई ठाम राहिल्या आणि ते योग्यच झाले.

गाडी लवकर हाती आल्याने तिची पहिली सर्व्हिस पुण्यात होऊ शकली. प्रवासाच्या आधी पुरेसे चालवून घेणे हे नव्या गाडीबाबत अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण सैल राहिलेली जोडणी किंवा सदोष भाग सुरुवातीच्या काही हजार किलोमीटरांतच उघड होतो. जूनच्या पावसात ताम्हिणीकडच्या चिखलात त्यांनी लो गियरचा आणि अधांतरी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून पकड असलेल्या चाकाकडे ओढ वळवणाऱ्या यंत्रणेचा सराव केला. ही यंत्रणा काम करताना खडखडाट करते. तो आवाज आधी ऐकलेला नसेल, तर चालक घाबरून नेमक्या वेळी पाय काढतो.

टायरांचा निर्णय मला सर्वांत समंजस वाटला. जिम्नीला कारखान्यातून १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात आणि ते डोंगरातील छोट्या दुकानांत सहज मिळत नाहीत. बोलेरोचे माप मात्र २१५/७५ आर १५ आहे आणि बोलेरो त्या प्रदेशात गावोगावी दिसते. दोन्ही टायरांच्या व्यासात सुमारे एक सेंटिमीटरचाच फरक पडतो. चाके घासत नाहीत याची खात्री करून आणि विमा कंपनीला कळवून त्यांनी स्टेपनीसह पाचही टायर बोलेरोच्या मापाचे, जाड बाजूंचे घेतले. नवी गाडी स्थानिक गाड्यांच्या साखळीत बसवण्याचा हा मार्ग होता.

भार कमी करणे जड गेले. छतावरचा लोखंडी कॅरिअर घेतला नाही, कारण या गाडीच्या छताची भारमर्यादा फार थोडी आहे. बाईंनी वनस्पती दाबण्याच्या लाकडी चौकटी आणि टीपकागदांचे गठ्ठे घरी ठेवले आणि नमुन्यांऐवजी छायाचित्रे, मोजमापे व रेखाटने यांवर काम करायचे ठरवले. पेट्रोलचे डबे पूर्ण प्रवासभर वाहण्याऐवजी पंपांमधली अंतरे मांडली: काझाहून केलाँगजवळच्या तांदीपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आत, तांदीहून पदुम त्याच सुमारास, पदुमहून कारगिल त्याहून थोडे अधिक. डोंगरात लिटरला दहा किलोमीटर धरले तरी चाळीस लिटरची टाकी पुरत होती. फक्त लेहहून हानलेला जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर होत असल्याने तेवढ्यापुरता एक धातूचा डबा लेहमध्ये घ्यायचे ठरले. पुन्हा वजनकाट्यावर गेल्यावर काटा मर्यादेच्या जेमतेम आत थांबला.

हत्यारांत टो-दोर, फावडे, हवेचा पंप, पंक्चरचे सामान आणि गाडीच्या संगणकातील दोषसंकेत वाचणारे एक लहान यंत्र होते. हे यंत्र काही हजार रुपयांत मिळते आणि नव्या गाडीबरोबर ते स्टेपनीइतकेच आवश्यक आहे.

प्रवासात काय घडले

महामार्गाचा भाग सुरळीत झाला. काझानंतर खरी परीक्षा सुरू झाली. कुंझुम उतरून बातालकडे येताना एका धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू फाडली. बाजूची फाट रस्त्यावर दुरुस्त होत नाही, म्हणून स्टेपनी लावली आणि पुढचा रस्ता स्टेपनीविना कापला. केलाँगला पोचल्यावर एका पंक्चरवाल्याकडे बोलेरोचा वापरलेला टायर त्याच मापाचा मिळाला. कारखान्याचे माप ठेवले असते तर पदुमच्या आधी टायर मिळाला नसता, असे त्या दुकानदारानेच सांगितले.

केलाँगला पोचण्याआधी, बातालच्या पुढे छत्रूच्या अलीकडे एका नाल्यावर ते दुपारनंतर पोचले होते. हिमनद्यांचे पाणी दिवसाच्या उन्हाने वितळून दुपारी नाल्यांना चढते आणि पहाटे ओसरते. भाच्याने काठी घेऊन कडेने अंदाज घेतला. पाणी गुडघ्याला लागले आणि तळचे दगड सरकत होते. मागून आलेली एक गाडी पार झाली, तेव्हा भाच्याला आपणही जावे असे वाटले. पतींनी नकार दिला. ती रात्र मागच्या ढाब्यावर काढून सकाळी सहाच्या सुमारास त्यांनी तोच नाला विनासायास ओलांडला. या निर्णयाचा गाडीच्या वयाशी काहीही संबंध नव्हता.

त्याच दिवशी पुढे ब्रेक यंत्रणेचा आणि स्थिरता नियंत्रणाचा इशारादिवा लागला. ज्याची पतींना धास्ती होती, तेच घडले होते. यंत्र जोडल्यावर मागच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचा संकेत दिसला. चाकाच्या आत चिखल आणि बारीक खडी घट्ट बसली होती. ब्रश आणि पाण्याने ती काढली, संकेत पुसला आणि दिवा पुन्हा लागला नाही. ते यंत्र नसते तर गाडी चाललीच असती, पण साधे ब्रेक उरले आहेत की तेही गेले, या शंकेत त्यांनी शिंकू ला चढायची की मनालीला परतायचे हा निर्णय घेतला असता, आणि बहुधा ते परतले असते.

शिंकू ला ओलांडून ते करग्याकला मुक्कामी आले. खिंडीच्या दोन्ही उतारांवर बाईंना हव्या त्या नोंदी मिळाल्या. हिमालयी निळे पॉपी दगडांच्या कपारीत फुललेले होते. रात्री मात्र पतींना ताप, जुलाब आणि तीव्र डोकेदुखी सुरू झाली. सकाळी ते नीट उभेही राहू शकत नव्हते. बाईंनी गाडी हाती घेतली आणि ओढ्यांचा, अरुंद कड्यांचा रस्ता उतरून दुपारपर्यंत पदुम गाठले. तेथील रुग्णालयात उपचार मिळाले आणि काही दिवसांच्या विश्रांतीनंतर प्रवास पुढे सुरू झाला.

फलित

नियोजित मार्ग पूर्ण झाला. मुक्काम लांबल्याने हानलेचा वेळ तेवढा कमी झाला. बाईंच्या नोंदींपैकी झांस्करचा भाग समाधानकारक झाला, हानले ज्या पठारावर आहे त्या चांगथांगचा अपुरा राहिला. गाडीला टायर आणि खालच्या संरक्षक पत्र्यावरचे ओरखडे यांपलीकडे काही झाले नाही. मागची जागा इतकी अडचणीची होती की भाच्याचे पाय सामानावरच राहिले, ही तक्रार टिपणवहीत वारंवार येते आणि ती रास्त आहे.

यावरून जिप्सी टिकली नसती असे सिद्ध होत नाही. पदुममध्ये त्यांना दोन जुन्या जिप्सी भेटल्या. त्या याच मार्गाने आल्या होत्या आणि उत्तम स्थितीत होत्या. प्रत्येक गाडीत दोनच माणसे होती, चौघेही चालवणारे होते आणि एकीच्या मदतीला दुसरी होती. अशा रचनेत मीही जिप्सीच सुचवली असती.

पुन्हा करायचे झाल्यास

माझ्या मते क्रम बदलायला हवा होता. गाडी कोणती, हा वाद दोन महिने चालला आणि कोण चालवणार, किती माणसे, किती किलो, कोणत्या महिन्यात, हे प्रश्न नंतर आले. वजनकाटा आणि घाटातील चाचणी दुरुस्तीच्या आधी झाली असती, तर जिप्सीवर फक्त ब्रेकचे काम करून थांबता आले असते.

बाईंचे मत थोडे वेगळे आहे. दुरुस्तीविना चाचणी केली असती, तर जिप्सीला न्याय मिळाला नसता आणि पतींच्या मनात कायम शंका राहिली असती, असे त्या म्हणतात. एकत्र प्रवास करणाऱ्यांमध्ये निर्णय सर्वांना पटणे याचीही किंमत असते, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

दुसरी स्टेपनी न नेणे हा भार वाचवण्याचा निर्णय बातालनंतर धोक्याचा ठरू शकला असता. त्याऐवजी भाच्याने लेहला विमानाने येऊन शेवटच्या टप्प्यात सामील व्हावे, हा पर्याय तपासायला हवा होता. साठ-सत्तर किलो आणि मागची जागा त्यात मोकळी झाली असती. औषधांची पेटीही सामान कमी करताना आकसली होती, आणि जलसंजीवनीची पाकिटे करग्याकच्या रात्री संपली.

चांगथांगच्या अपुऱ्या नोंदींसाठी त्यांना पुन्हा जायचे आहे. त्या वेळी दोघेच असतील, मार्ग लेहपासून सुरू होईल आणि नाले ओलांडण्याचा भाग जवळपास नसेल. पती जिप्सी मालमोटारीने पाठवण्याच्या बाजूचे आहेत. बाईंनी एकच अट घातली आहे: जिप्सीला आधी पॉवर स्टिअरिंग बसवावे, आणि ते बसवल्यावर पूर्ण भारासह वरंधा घाट बाईंनी स्वतः चालवून पाहावा.